आफ्रिकेला गेलेले चुलत आजोबा आणि त्यांच्या तीन लेकी

आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आजोबांच्या थोरल्या भावापुढे एवढंच छापलंय: कलाभवनात शिक्षण, आफ्रिकेस नोकरी, संतती नाही. बाकीच्यांची पानंच्या पानं आहेत, कोण मामलेदार होतं, कोण खानगी खात्यात, कोणाला दरबारात पागोटं मिळालं, आणि या माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, युद्धात बोट बुडाली, त्यात सहकुटुंब गेले. मग संतती नाही तर सहकुटुंब म्हणजे कोण कोण, असं मी लहानपणी विचारलंही होतं, तेव्हा आजी उठून आत गेली आणि विषय तिथेच बंद झाला.

बोट खरी होती. ब्रिटिश इंडिया कंपनीची तिलावा मुंबईहून मोंबासाकडे जायला निघाली आणि 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडीने तिला बुडवलं, 280 लोक गेले, वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणलं. गुजरातेतल्या कितीतरी घरांत अजून त्या बोटीचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्यामुळे आमच्या घरी कोणाला शंका यायचं काही कारणच नव्हतं, आफ्रिका म्हटलं की बोट आणि बोट म्हटलं की तिलावा.

बाबा गेल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा माळ्यावर अक्काआजीची ट्रंक निघाली. अक्काआजी म्हणजे आजोबांची बहीण, लवकर माहेरी परत आलेली, घर तिच्याच शब्दावर चालायचं. ट्रंकेत लुगडी, देवस्थानाच्या पावत्या, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कागद. एक रिकामं पाकीट, पत्र नाहीच आत, आणि एक जन्मपत्रिका.

पाकिटाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळा शोध तिथून उलगडला. तिकीट होतं केनिया, युगांडा, टांगानिका (आताचा टांझानिया) या तिन्ही नावांचं, चित्र युगांडातल्या रिपन धबधब्याजवळच्या जिंजाच्या रेल्वे पुलाचं आणि वर सहाव्या जॉर्जचं डोकं. ज्यांना तिकिटांचा नाद आहे त्यांना माहीत असेल, आधी नुसतं केनिया-युगांडा असायचं, तिघांचं एकत्र नाव 1935 पासून आलं आणि सहाव्या जॉर्जचं तिकीट 1938 नंतरचं. म्हणजे तिकीट बघूनच काळ कळतो. त्याहून महत्त्वाचा शिक्का, मोबाइलवर स्कॅन करून झूम केलं तर किसुमू, म्हणजे केनियातलं एक शहर, एवढं वाचता येत होतं आणि खाली तारखेचे शेवटचे दोन आकडे, 47. बोट बुडाल्यानंतर पाच वर्षांनी किसुमूहून कोणीतरी अक्काआजीला पत्र लिहिलं होतं! मी ते पाकीट हातात धरून माळ्याच्या शिडीवरच बसले होते, भावाला हाक मारून दाखवलं तर तो म्हणाला शिक्का नीट बघ, 41 असेल. नव्हतं. सात स्पष्ट आहे.

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त पोस्ट बॉक्स नंबर आणि किसुमू. तिकडे घरपोच टपाल नसायचं, सगळ्यांचा व्यवहार पोस्ट बॉक्सवर, आणि हा नंबर पुढे फार म्हणजे फार उपयोगी पडला.

आणि पत्रिका. जन्मस्थळ किसुमू, आफ्रिका. शके 1854, आश्विन शुद्ध पक्ष, मुलगी. शकात 78 मिळवले की 1932, आश्विन शुद्ध म्हणजे त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आसपासचे दिवस, तिथीबरोबर वारही लिहिलेला त्यामुळे जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख पक्की करता आली, ऑक्टोबर 1932. जन्मवेळ तिकडून कळवली असणार आणि पत्रिका मांडली इथल्या जोशीबुवांनी, कागदावर बडोद्याचं नाव आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने अक्काआजीच्या अक्षरात तीन स्थळं लिहिलेली, एकापुढे 'मंगळ', एकापुढे 'उत्तर नाही', तिसऱ्यापुढे फुली. म्हणजे त्या मुलीसाठी इथे बडोद्यात स्थळं बघितली जात होती. आणि कुलवृत्तांत छापला गेला साठच्या दशकात, माहिती आमच्या घरून अक्काआजीनेच दिली होती. माहीत असून संतती नाही लिहिलं गेलं, हे वाचून मला जो राग आला तो खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

मग मी नाशिकला गेले. ज्यांना घराण्याचा शोध घ्यायचाय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, इंटरनेटच्या आधी तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. सापुताऱ्यावरून बसने गेले, रामकुंडाजवळ विचारत विचारत आमचे उपाध्ये सापडले, त्यांनी आडनाव, मूळ गाव आणि गोत्र एवढंच विचारलं आणि लाल कापडातल्या लांब वह्या काढल्या. जुनी पानं मोडीत, ती त्यांनीच वाचून दाखवली, पणजोबांच्या पिढीपासून बाळबोध. आणि शके 1860 च्या पानावर चुलत आजोबांचं स्वतःचं अक्षर! वडिलांच्या श्राद्धाला आलो, मुक्काम किसुमू, रेल्वेत ड्राफ्ट्समन, सोबत पत्नी आणि तीन मुली, आणि पुढे तिघींची नावं. तीन! वह्यांत मुलींची नावं सहसा लिहीत नाहीत, यांनी लिहिली, ठळक, एकाखाली एक. ड्राफ्ट्समनचं अक्षर आहे ते, काय सुंदर, प्रत्येक वेलांटी मोजून काढल्यासारखी.

कलाभवन आणि आफ्रिका यांचं नातं थोडं सांगायला हवं. सयाजीरावांनी 1890 ला कलाभवन काढलं, त्यात ड्रॉइंग, मेकॅनिकल, रंगकाम वगैरे शिकलेली पोरं बाहेर पडली की सगळ्यांना राज्यात नोकरी कुठून मिळणार. तिकडे ब्रिटिशांची युगांडा रेल्वे 1896 ते 1901 मधे मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत आली, त्यासाठी हिंदुस्थानातून 32 हजारांच्या आसपास मजूर नेले, बहुतेक पंजाबचे, त्यातले अडीच हजार तरी तिथेच मेले. किसुमू हे त्या लाइनीचं सरोवरावरचं टोक. पुढे फाटे फुटत फुटत रेल्वे 1931 ला कंपालाला पोचली, आणि या सगळ्या काळात कारकून, स्टेशनमास्तर, नकाशे काढणारे लागतच होते. गुजराती दुकान टाकायला गेले आणि मराठी माणूस गेला तो बहुतेक नोकरीला, त्यामुळे आपले लोक तिकडे विखुरलेले राहिले, गुजरात्यांसारखी गावंच्या गावं गेली नाहीत, म्हणूनच शोधायला अवघड जातात.

आता खरी अडचण आडनावाची. आमचं आडनाव इथे लिहीत नाही, तिकडची मंडळी हयात आहेत, पण ते लांबलचक आहे आणि इंग्रजीत कोणी एकसारखं लिहीत नाही. मी सुचेल ते प्रत्येक स्पेलिंग घालून शोधलं, काही मिळेना. तिकडच्या एका कचेरीला मेल केली, उत्तर नाही. मग केनियाचं सरकारी गॅझेट सापडलं, गूगल बुक्सवर 1899 पासूनचे अंक आहेत, फुकट, आणि आतला मजकूर सर्च होतो. त्यात सगळं असतं, नेमणुका, परवाने, कोणाची इस्टेट कोणाकडे गेली. मी आडनाव सोडलं आणि पोस्ट बॉक्सचा नंबर आणि किसुमू एवढंच टाकलं.

आणि आले. आडनाव गणेश! गणेश हे पणजोबांचं नाव. तिकडे हिंदी माणसाचं नाव लिहायची पद्धत अमुक सन ऑफ तमुक अशी, त्यात आमचं लांबलचक आडनाव कधीतरी गळून पडलं आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं. त्या नावाने ते गॅझेटात बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि शेवटची नोंद 1957 ची, प्रोबेटची, म्हणजे मयताचं मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेण्याची नोटीस, किसुमूचे रहिवासी, रेल्वेतून निवृत्त, मयत, अर्जदार पत्नी. म्हणजे बोट बुडाल्यानंतर पंधरा वर्षं माणूस जिवंत होता, आणि आमच्या घरात कदाचित त्यांचं तिलावाच्या दिवशी श्राद्ध घातलं जात होतं.

म्हणून दुसरं सांगणं, परदेशी गेलेला माणूस सापडत नसेल तर आडनाव विसरून बापाच्या नावाने शोधा, आणि गूगलचं मशीन जुनी छपाई चुकीची वाचतं, त्यामुळे नावापेक्षा नंबर, गाव, खातं यांवर भर द्या.

पण चुलत आजोबा सापडले तरी लेकी कुठे. नोटिशीत मुलींचं नाव नाही. इथे मदत झाली ती कारेलीबागेतल्या आमच्या शेजारच्या गुजराती आजींची, त्यांना सगळे बा म्हणतात. त्यांचा जन्म जिंजाचा, 1972 मधे युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने 4 ऑगस्टला जाहीर केलं की एशियनांनी 90 दिवसांत देश सोडा, तेव्हा त्यांच्याकडे हिंदुस्थानचा पासपोर्ट होता म्हणून ट्रेनने मोंबासा आणि तिथून बोटीने मुंबई, मग बडोदा. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे ढोकळ्याचं पीठ मागायला जाते आणि हा प्रश्न विचारायचं कधी कारणच पडलं नव्हतं. मी मधल्या मुलीचं, म्हणजे जिची पत्रिका सापडली तिचं, नाव सांगितलं, ते अस्सल मराठी नाव, गुजरात्यांत सहसा ठेवत नाहीत. बा क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ए तो किसुमुवाळां मराठी बेन! गणित भणावतां हतां."

बांच्या धाकट्या बहिणीला शिकवायच्या त्या, जिंजाच्या इंडियन शाळेत. नवरा गुजराती, इलेक्ट्रिकमधे होता, ओवेन फॉल्सचं धरण 1954 ला सुरू झालं तेव्हा तिकडे नोकऱ्या निघाल्या त्यात किसुमूहून आलेला. प्रेमविवाह, बा म्हणाल्या तेव्हा आवाज खाली केला त्यांनी, सत्तर वर्षांनंतरसुद्धा. त्या मराठी बेनकडे त्यांची म्हातारी आई राहायची, नऊवारी नेसणारी, संध्याकाळी ओट्यावर बसून वाती वळायची, सगळी पोरं तिला आजी म्हणायची. ती आमची थोरली आजी. कुलवृत्तांतात तिचं नावसुद्धा नाही.

तर हे होतं. बोट बुडाली हे सांगणं सोपं होतं, मुलीने परजातीत लग्न केलं हे सांगणं जड गेलं. आणि मुलगा नाही म्हणून वंश नाहीच, तिथे विषय मिटवायला फारसं काही लागलंही नाही. मला अक्काआजीचा काळ समजतो, तिचं स्वतःचं आयुष्य काय होतं तेही माहीत आहे, तरी एका अख्ख्या घराला कागदावर मारून टाकायचा हक्क कोणालाच नसतो असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र या लग्नामुळे सोपी झाली. मराठी घरात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे, गुजराती घरात नुसतं आडनाव बदलतं. त्यामुळे मधल्या आत्यांचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. बांकडून नवऱ्याचं आडनाव मिळालं, ब्रिटनला गेले असणार हेही, कारण त्याचा पासपोर्ट ब्रिटिश होता. त्या वर्षी युगांडातून साधारण 28 हजार लोक ब्रिटनला गेले, पहिलं विमान 18 सप्टेंबरला स्टॅनस्टेडला उतरलं, मग लष्कराच्या जुन्या छावण्यांत ठेवलं आणि तिथून पुष्कळसे लेस्टरला गेले, लेस्टरच्या नगरपालिकेने कंपालाच्या पेपरात जाहिरात देऊन इकडे येऊ नका म्हणून सांगितलं होतं तरीसुद्धा.

फॅमिलीसर्च नावाची साइट आहे, खातं फुकट काढता येतं, तिच्यावर इंग्लंड आणि वेल्सच्या मृत्यूंचा इंडेक्स आहे आणि 1969 नंतरच्या नोंदींत मृत व्यक्तीची जन्मतारीख असते. मी नाव टाकलं, गुजराती आडनाव टाकलं, जन्मसाल 1932. यादीत एकच नोंद, लेस्टर, 1999, आणि जन्मतारीख अक्काआजीच्या ट्रंकेतल्या पत्रिकेवरून काढलेली, तीच. दिवसाचाही फरक नाही. नव्वद वर्षांपूर्वी बडोद्याच्या जोशीबुवांनी मांडलेली तिथी लेस्टरच्या रजिस्टरशी जुळली. मी स्क्रीनवर आणि पंचांगात पुन्हा पुन्हा बघत होते आणि रडत होते, लाज कसली त्यात.

मग मृत्युपत्र. तिकडे 1858 पासूनच्या प्रोबेटचा सरकारी इंडेक्स ऑनलाइन आहे, प्रोबेट झालेलं मृत्युपत्र सार्वजनिक कागद असतो, फी भरली की कॉपी डाउनलोड करता येते. त्यात मुलीचं नाव आणि पत्ता. म्हणजे माझी आतेबहीण.

इथे मी मुद्दाम थांबले. फेसबुकवर शोधून मेसेज टाकता आला असता, पण अनोळखी माणसाचा इंडियातून मेसेज आला की लोकांना पहिली शंका येते ती पैशाची नाहीतर प्रॉपर्टीची. मी टपालाने पत्र पाठवलं, अर्धं इंग्रजीत अर्धं गुजरातीत, सुरुवातीलाच लिहिलं की दांडिया बाजारचं घर भाड्याचं होतं, वाटणीचा काही प्रश्न नाही, मला तुमच्याकडून काही नको, तुमच्या आईची पत्रिका माझ्याकडे आहे आणि ती तुमची आहे. पत्रिकेची झेरॉक्स जोडली, फक्त पुढची बाजू. पेन्सिलीची बाजू नाही पाठवली, ती समोरासमोर बोलायची गोष्ट.

बरेच दिवस काही नाही, मग एका रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आधी मजकूर नाही, नुसता फोटो. कार्डबोर्डवर चिकटवलेला जुना स्टुडिओतला फोटो, दोन तरुण मुलगे, एक बसलेला एक उभा, काळी टोपी, उपरणं, उभा आहे तो माझा आजोबा, तो चेहरा मी कुठेही ओळखेन. दुसरा फोटो त्याच्या मागच्या बाजूचा, मोजून मापून काढलेल्या त्या अक्षरात दोघांची नावं आणि खाली बडोदें, दांडिया बाजार. अनुस्वारासकट. आतेबहिणीच्या मुलीने पाठवला होता, पाठोपाठ व्हॉइस नोट, "मासी, मम्मी रडे छे, काले फोन करीए?"

दुसऱ्या दिवशी फोनवर आतेबहीण गुजरातीत बोलत होती आणि मधेच तिला मराठी शब्द यायचे, सगळे स्वैपाकघरातले, पोळपाट, उलथनं, आमटी, आजीकडून आलेले. तिच्याकडून कळलं की आत्यांनी लग्नानंतर 1955 मधे बडोद्याला पत्र लिहिलं होतं, पुढे मुलगी झाल्यावर परत एक. उत्तर गेलं नाही. माझ्या आजोबांना ती पत्रं दिसली होती का, का अक्काआजीनेच ठेवून घेतली, हे मी तिला सांगू शकले नाही. मी माफी मागितली, आमच्या घराच्या वतीने, ती म्हणाली तू कशाला मागतेस, पण ऐकून घेतलं तिने, मधे थांबवलं नाही. पत्रिका रजिस्टर्ड पोस्टाने गेली, आणि कुलवृत्तांताच्या संपादकांकडे नव्या आवृत्तीसाठी अख्खं पान पाठवलंय, तीन मुली, त्यांचे नवरे, नातवंडं, कोणाची कोणती जात ते न लिहिता.

थोरल्या आत्यांचा माग सोपा निघाला, लग्न पुण्यातलं, त्या लवकर गेल्या, मूल नव्हतं. अडकलंय ते धाकटीपाशी. तिचं लग्न मराठी घरात झालं, आतेबहिणीला एवढंच आठवतं की नवरा दारेसलामला बँकेत होता आणि नंतर ते कॅनडाला गेले असावेत. लग्नात नाव बदललं, सासरचं आडनाव माहीत नाही, म्हणजे हातात ना पहिलं नाव ना शेवटचं. नाशिकच्या वहीतलं माहेरचं नाव तेवढं आहे. सध्या टांगानिकाचं जुनं गॅझेट बघतेय, आणि दारेसलामला राहून आलेल्या बडोद्यातल्या गुजराती बायकांना भेटतेय, बांनी त्यांच्या भजनमंडळात माझी ओळख करून दिलीय. गुरुवारी तिथल्या एका मासींकडे जायचंय, त्यांच्या मिस्टरांचीही बँकेतच नोकरी होती म्हणे, आणि जुने ग्रुप फोटो त्यांनी सांभाळून ठेवलेत.